वाचकांचे प्रश्न : व्हॉल्व्हची सीट कोणत्या कोनात कापावी?

मागील अंकात चार-स्ट्रोक इंजिनाच्या हेडच्या देखभालीविषयी लिहिताना, सीट, म्हणजे बंद व्हॉल्व्ह हेडमध्ये ज्या उतरत्या कडेवर टेकतो ती कड, कोणत्या कोनात कापायची हे त्या इंजिनाच्या कामावरून ठरवावे, असे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. त्या एका वाक्यावरच या महिन्यात सर्वाधिक पत्रे आली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि संकेश्वर या भागांतून आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. पुढे जे कोन सांगितले आहेत ते सर्व व्हॉल्व्हच्या दांडीला काटकोनात असलेल्या पातळीपासून मोजलेले आहेत, म्हणजे अंश जितके अधिक तितका तो उतार अधिक उभा समजावा.

प्रश्न : माझी १०० सीसीची मोटारसायकल ७० हजार किलोमीटर चालली आहे. मी खानापूरहून बेळगावला रोज ये-जा करतो आणि महिन्यातून एक-दोन वेळा चोर्ला घाटातून गोव्याला जातो. अलीकडे किक अगदी हलकी लागते आणि घाटात गाडी तिसऱ्या गिअरवर ओढत नाही. मिस्त्रींनी हेड उघडून सीट कापून आणायला सांगितले आहे. एका दुकानात ४५ अंशांत कापून पेस्टने घासून देतो म्हणाले, तर दुसऱ्या दुकानात ‘तीन कोनांचे काम’ करतो असे सांगून दुप्पट मजुरी मागितली. रोजच्या वापराच्या गाडीला तीन कोनांनी खरोखर फरक पडतो का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : पडतो, पण आपल्याला वाटतो त्या कारणाने नव्हे. तीन कोन ही शर्यतीच्या इंजिनांची मिरास नाही. आपली गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाही तिची सीट तीन कोनांचीच होती. होंडाच्या दुरुस्ती-पुस्तिकांत ३२, ४५ आणि ६० असे तीन कटर सांगितलेले असतात. इतर काही कंपन्या पहिल्यासाठी ३० किंवा १५ अंश घेतात. म्हणजे दुसरा दुकानदार काही जादा करून देतो असे नसून पहिला दुकानदार मूळचे काम अर्धवट करतो, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

प्रत्यक्ष बसणारी, म्हणजे व्हॉल्व्हच्या चेहऱ्याला चिकटून गॅस अडवणारी पट्टी फक्त ४५ अंशांची असते. तिच्या वरचा, ज्वलनकक्षाच्या बाजूचा ३० अंशांचा काप त्या पट्टीची बाहेरची कड ठरवतो, आणि खालचा, पोर्टच्या (हेडमधील वायूच्या वाटेच्या) बाजूचा ६० अंशांचा काप आतली कड ठरवतो. पट्टी व्हॉल्व्हच्या चेहऱ्यावर फार वर, अगदी काठाशी बसत असेल, तर ३० अंशांचा कटर फिरवून ती खाली आणायची. फार खाली बसत असेल, तर ६० अंशांचा फिरवून वर घ्यायची. हे दोन कटर नसतील तर कारागिराच्या हाती पट्टीची जागाही राहत नाही आणि रुंदीही राहत नाही. नुसत्या ४५ अंशांच्या कटरने खड्डे निघेपर्यंत कापत गेले की मूळची १ मिमीच्या आसपास असलेली पट्टी २ मिमी किंवा त्याहून रुंद होते. रुंद पट्टीवर स्प्रिंगचा तोच जोर अधिक जागेत पसरतो, त्यामुळे मध्ये आलेला कार्बनचा कण चिरडला जात नाही आणि तेथून गळती सुरू होते. मग काही हजार किलोमीटरमध्ये गाडी पुन्हा जुन्या अवस्थेला येते आणि ग्राहक म्हणतो की पेट्रोल खराब होते.

रुंदी फार कमी करणेही रोजच्या गाडीत चालत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जी उष्णता घेतो तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग तो बंद असताना सीटमधूनच हेडमध्ये जातो, आणि उरलेला दांडीवाटे गाईडमध्ये, म्हणजे दांडी ज्या नळीतून सरकते तिच्यात, जातो. चोर्ला घाटाच्या चढाला आपण बराच वेळ जवळजवळ पूर्ण थ्रॉटलवर असता. तेव्हा एक्झॉस्टची पट्टी फार अरुंद असेल, तर व्हॉल्व्हला थंड होण्याचा रस्ताच उरत नाही. १०० सीसीच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात इनलेटला १ मिमी आणि एक्झॉस्टला १.२ मिमीच्या आसपास रुंदी मला योग्य वाटते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असेल, तर मात्र तोच प्रमाण मानावा.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. दोन्ही दुकानांपैकी कोणीही आपल्याला गाईडविषयी विचारले, असे पत्रात दिसत नाही. सीटचा कटर ज्या पायलटवर, म्हणजे मधल्या आधाराच्या दांडीवर, फिरतो तो पायलट गाईडच्या भोकात बसतो. गाईड झिजून भोक लंबगोल झाले असेल तर पायलट एका बाजूला कलतो आणि कितीही चांगला कटर असला तरी कापलेली सीट व्हॉल्व्हच्या अक्षाशी समकेंद्री होत नाही. असा व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी एका बाजूने आधी टेकतो, दांडीवर आडवा जोर येतो आणि गाईड आणखी झिजते. या धंद्यात आलो त्या पहिल्या वर्षांत मी स्वतः गाईड न मोजता एका गाडीची सीट कापून दिली होती. दोन महिन्यांत ती गाडी आंबोली घाटात बंद पडली; हेड उघडले तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा तुकडा गेलेला होता. त्या दिवसापासून गाईड मोजल्याशिवाय मी कटरला हात लावलेला नाही. नवा व्हॉल्व्ह गाईडमध्ये घालून, थोडा वर उचलून हलवून पाहावा. ७० हजार किलोमीटरनंतर एक्झॉस्टचे गाईड बहुधा बदलावेच लागते. बदलल्यावर भोक मापात आणणारा रीमर फिरवावा आणि मगच सीट कापावी.

व्हॉल्व्हच्या चेहऱ्यावर खड्डे असतील, किंवा त्याच्या कडेची जाडी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आली असेल, तर तो घासून वेळ मारून नेऊ नये, नवा घ्यावा. काम झाल्यावर स्प्रिंग लावलेल्या हेडच्या पोर्टमध्ये रॉकेल ओतून पाच मिनिटे ठेवण्याची विनंती करावी आणि ज्वलनकक्षाच्या बाजूने ओल दिसते का ते स्वतः पाहावे. ताकदीबद्दल सांगायचे तर या कामाने गाडीला नवी ताकद येणार नाही. गेलेले कॉम्प्रेशन परत मिळेल, आणि घाटात आपल्याला हवे आहे ते तेवढेच आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. आम्ही चार मित्र मिळून एक सिंगल-सिलिंडर इंजिन शर्यतीसाठी तयार करत आहोत. इनलेट व्हॉल्व्ह एकच असून त्याचा व्यास ३२ मिमी आहे आणि नव्या कॅमची व्हॉल्व्हवरील लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह सीटपासून जास्तीत जास्त उघडतो ते अंतर, ८ मिमी आहे. परदेशी शर्यतींच्या इंजिनांत ५५ अंशांच्या सीट वापरतात असे वाचले. आमचा विचार दोन्ही सीट ५५ अंशांच्या आणि ०.७ मिमी रुंदीच्या करण्याचा आहे. योग्य होईल का?
— एक विद्यार्थी, अनगोळ, बेळगाव

उत्तर : आपण व्यास आणि लिफ्ट दोन्ही आकडे दिले, याबद्दल आधी अभिनंदन, कारण या प्रश्नाचे उत्तर त्या दोन आकड्यांतच आहे.

व्हॉल्व्ह उघडला की हवेला आत जायला त्याच्या परिघाभोवती एक गोल पडद्यासारखी जागा मिळते. तिचे क्षेत्रफळ म्हणजे पाय गुणिले व्यास गुणिले लिफ्ट. लिफ्ट व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतकी झाली की हे क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या पूर्ण वर्तुळाच्या क्षेत्रफळाइतके होते. आपल्या ३२ मिमी व्हॉल्व्हसाठी हा चौथा हिस्सा बरोबर ८ मिमी आहे, आणि आपल्या कॅमची कमाल लिफ्टही ८ मिमीच आहे. म्हणजे आपला व्हॉल्व्ह कमाल उंचीवर त्या बिंदूला केवळ स्पर्श करतो. बाकी सर्व काळ तो त्याच्या खालीच असतो आणि अडथळा पोर्टमध्ये नसून सीटपाशी असतो.

अशा स्थितीत ५५ अंश काय करतील ते पाहू. व्हॉल्व्ह सीटपासून सरळ उचलला जातो, पण त्याचा चेहरा आणि सीट यांच्यामधील काटकोनातील फट लिफ्टइतकी नसते. कमी लिफ्टवर ती लिफ्ट गुणिले त्या कोनाचा कोसाइन इतकी असते. ३ मिमी लिफ्टवर ३० अंशांच्या सीटला २.६ मिमी, ४५ अंशांच्या सीटला २.१२ मिमी आणि ५५ अंशांच्या सीटला १.७२ मिमी फट मिळते. म्हणजे ४५ वरून ५५ वर गेल्यास सुरुवातीच्या उघडण्यात सुमारे १९ टक्के फट आपण आपल्या हाताने कमी करता. परदेशातील ज्या इंजिनांत ५० ते ५५ अंश वापरतात, त्यांची लिफ्ट व्यासाच्या एक तृतीयांशाच्या आसपास किंवा पुढे गेलेली असते. तेथे सीटपाशी जागा मुबलक असते आणि अडचण हवेला पोर्टमधून वळताना येते. उभा उतार ते वळण सौम्य करतो, म्हणून कमी लिफ्टवरचे नुकसान सोसून तो घेतात. शिवाय अतिशय तीव्र कॅमवर व्हॉल्व्ह सीटवर आपटून उसळू नये, यासाठीही उभी सीट उपयोगी पडते, कारण ती पाचरीसारखी पकडते. आपल्या इंजिनात यांपैकी कोणतीही स्थिती नाही.

मग उलट दिशेने ३० अंश का घेऊ नयेत, असा प्रश्न आपल्या मनात येईल. फट वाढते हे खरे आहे, पण स्प्रिंगचा जोर सीटवर किती घट्ट बसतो हेही कोनावर अवलंबून असते. घर्षण सोडून हिशेब केला तर सीटला काटकोनात पडणारा जोर म्हणजे स्प्रिंगचा जोर भागिले कोनाचा कोसाइन. ३० अंशांत तो १.१५ पट, ४५ अंशांत १.४१ पट आणि ५५ अंशांत १.७४ पट होतो. ३० अंशांची सीट व्हॉल्व्हला मध्यभागी खेचूनही कमी घेते. शर्यतीत मिनिटाला हजारो फेऱ्यांवर ठोके खाणाऱ्या व्हॉल्व्हसाठी मी ती निवडणार नाही. दुसरे असे की, अगदी कमी लिफ्टच्या प्रवाहाचे महत्त्व अनेकदा वाढवून सांगितले जाते. व्हॉल्व्ह जेव्हा २ मिमी उघडा असतो तेव्हा पिस्टन वरच्या टोकाजवळ संथ असतो. तो सर्वांत वेगाने खाली जाऊ लागतो तेव्हा लिफ्ट बरीच वर गेलेली असते. म्हणून आपल्या इंजिनात ३ ते ७ मिमी या पट्ट्यातील प्रवाह सुधारणे हेच खरे काम आहे, आणि त्यासाठी ४५ अंशांची सीट ठेवून तिच्या वरचे आणि खालचे काप नीट आखणे पुरेसे आहे.

ते कागदावर असे आखावे. व्हॉल्व्ह ३२ मिमी आहे. सीटची बाहेरची कड व्हॉल्व्हच्या कडेपासून प्रत्येक बाजूला ०.३ मिमी आत घ्यावी, म्हणजे तिचा व्यास ३१.४ मिमी होतो. १ मिमी रुंदीची ४५ अंशांची पट्टी व्यासात १.४१ मिमी खाते, म्हणून आतली कड सुमारे ३० मिमीवर येते. त्याखाली ६० अंशांचा दीड मिमी रुंदीचा काप घेतला की तो व्यासात दीड मिमी खातो आणि घशाचा, म्हणजे सीटखालच्या सर्वांत अरुंद जागेचा, व्यास २८.५ मिमी उरतो, म्हणजे व्हॉल्व्हच्या ८९ टक्के. शर्यतीसाठी ८८ ते ९० टक्के हे प्रमाण मला योग्य वाटते. हाच ६० अंशांचा काप २ मिमी ठेवला तर घसा २८ मिमी, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के होतो. रस्त्यावरच्या, कमी फेऱ्यांत ओढ हवी असलेल्या इंजिनासाठी तेच चांगले. घसा ९१-९२ टक्क्यांच्या पुढे नेण्याचा मोह अनेक तरुणांना होतो. तेथे सीटखाली उतारच उरत नाही, हवा कडेवरून तुटते, आणि एकदा काढलेला धातू परत घालता येत नाही.

हे काप झाल्यावर ६० अंशांच्या कापाची आतली कड आणि पोर्ट यांच्यामधला खांदा हाताने मिसळून घ्यावा, पण मिसळताना ४५ अंशांच्या पट्टीला बोट लागेल इतक्या जवळ पॉलिशपेपर नेऊ नये. इनलेट व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला, बसणाऱ्या पट्टीच्या लगेच आत, ३० अंशांचा अरुंद काप घेतल्यास मधल्या लिफ्टवर त्याचा उपयोग होतो आणि खर्च जवळजवळ काहीच नाही. ज्वलनकक्षाच्या बाजूला ३० अंशांचा काप कक्षाच्या भिंतीला भिडत असेल, तर त्या बाजूने हवा आत यायला वाट नाही असे समजावे आणि तेथे भिंत मागे घेता येते का ते पाहावे.

रुंदीबाबत आपण ०.७ मिमी म्हणता. इनलेटला ०.८ ते १ मिमी चालेल, कारण ताजे मिश्रण त्याला थंड ठेवते आणि शर्यतीचे हेड आपण प्रत्येक शर्यतीनंतर उघडणारच. एक्झॉस्टला मात्र १.२ मिमीच्या खाली जाऊ नये. एक्झॉस्टचा खालचा भाग ६० अंशांच्या सरळ कापाऐवजी गोलाईने पोर्टमध्ये उतरवला तर बाहेर जाणाऱ्या वायूला ते अधिक मानवते. प्रवाहाची दिशा तेथे उलटी असल्याने इनलेटचा आराखडा जसाच्या तसा उचलून तेथे लावू नये.

टायटॅनियमचे व्हॉल्व्ह घेण्याचा विचार पुढे कधी केलात, तर त्यांच्याखाली साधी कठीण सीट सहसा चालत नाही, तांब्याच्या मिश्रधातूची लागते. त्यांपैकी बेरिलियम असलेल्या मिश्रधातूची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ती कोरडी घासणे, फुंकर मारणे, किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणे कटाक्षाने टाळावे.

या सर्वांच्या आधी ज्या गटात उतरणार आहात त्या गटाची एफएमएससीआय या मोटर-शर्यतींच्या राष्ट्रीय संघटनेची नियमावली वाचावी. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर असो किंवा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर असो, स्टॉक स्वरूपाच्या गटांत हेडला हात लावण्यावर बंधने असतात, आणि तपासणीत हेड उघडले गेल्यावर सीट कोणी किती सुंदर कापली आहे याला किंमत राहत नाही.

प्रश्न : माझ्या यामाहा आरएक्स १०० च्या हेडच्या सीट शर्यतीसाठी कोणत्या कोनात कापून घ्याव्यात?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : आपले इंजिन टू-स्ट्रोक आहे, त्याच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह आणि सीट नसतात. आत येणारे मिश्रण रीड व्हॉल्व्हमधून येते आणि बाकी सर्व काम सिलिंडरच्या भिंतीतील पोर्ट करतात. कोणी आपल्याला त्या हेडच्या सीट कापून देतो असे सांगितले असेल, तर हेड त्याच्याकडे देऊ नये. पोर्टच्या उंचीविषयी स्वतंत्र पत्र पाठवल्यास सविस्तर लिहीन.

प्रश्न : माझी व्हॅन एलपीजीवर चालते. निपाणी ते कोल्हापूर अशा दिवसाला दोन-तीन फेऱ्या होतात. दर आठ-दहा महिन्यांनी एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. टॅपेटचा आवाज कधीच येत नाही, त्यामुळे टॅपेट ठीक आहेत असे मी समजतो. आतापर्यंत तीन वेळा सीट कापून झाल्या. आता कोणता कोन घ्यावा?
— एक व्हॅनचालक, निपाणी

उत्तर : चालकदादा, टॅपेटचा आवाज येत नाही हीच येथे धोक्याची खूण आहे. पूर्वीच्या पेट्रोलमधील शिशाचे संयुग व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये एक पातळ थर धरून ठेवत असे. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले आणि ते कवच गेले. म्हणून त्यानंतरच्या गाड्यांना कारखान्यातूनच कठीण सीट बसवल्या जातात. गॅसमध्ये तर पेट्रोलच्या थेंबांचा ओलावाही नसतो. अशा कोरड्या ज्वलनात सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, त्याची दांडी तिला दाबणाऱ्या रॉकरच्या दिशेने पुढे येते आणि टॅपेटचा गॅप, म्हणजे त्या दोहोंमधली फट, वाढण्याऐवजी कमी होत जातो. शेवटी गॅप शून्य होतो, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, तापलेला वायू फटीतून सतत जात राहतो आणि व्हॉल्व्ह जळतो. टॅपेट वाजू लागले की आपण गाडी दुकानात नेता. ते शांत होत चालले की कोणी नेत नाही. आपण दर पाच हजार किलोमीटरला गार इंजिनावर फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) एक्झॉस्टचा गॅप मोजून घ्यावा आणि तो आकडा वहीत लिहावा. तो दर वेळी कमी होत असेल, तर सीट झिजत आहे हे व्हॉल्व्ह जळण्याच्या आधीच कळेल.

तीन वेळा कापलेली सीट आता चौथ्यांदा कापू नये. प्रत्येक कापासरशी व्हॉल्व्ह आत जातो, स्प्रिंगची बसण्याची उंची वाढते, म्हणजे स्प्रिंग सैल पडते, आणि ज्वलनकक्षाचा आकार वाढून कॉम्प्रेशन घटते. सीटची जुनी रिंग काढून गॅसवर चालणाऱ्या इंजिनासाठीची कठीण मिश्रधातूची नवी रिंग बसवून घ्यावी. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ही रिंग भोकापेक्षा किंचित मोठी ठेवून, हेड तापवून आणि रिंग गारठवून बसवतात. हातोडीने ठोकून बसवलेली रिंग इंजिन तापले की सुटते आणि सुटलेली रिंग पिस्टनचा नाश करते. हे काम अनुभवी बोअरिंगवाल्याकडेच द्यावे, मग ते बेळगावात असो वा कोल्हापुरात.

कोन ४५ अंशच ठेवावा, पण एक्झॉस्टची रुंदी पेट्रोल गाडीपेक्षा जास्त, १.८ ते २ मिमी घ्यावी. येथे आपल्याला वाऱ्यासारखी धाव नको आहे. उष्णता हेडमध्ये गेली पाहिजे आणि ठोका मोठ्या जागेवर पसरला पाहिजे. भरल्या गाडीने चढ चढताना त्या वाढीव रुंदीचे महत्त्व आपल्याला कळेल. गॅसचे मिश्रण फार पातळ लावलेले नाही ना, हेही तपासून घ्यावे. इंधन वाचवण्यासाठी मिश्रण पातळ करण्याची सवय व्हॉल्व्हच्या जिवावर उठते.

प्रश्न : ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरचे हेड कामाला काढले आहे. मोटारसायकलींना करतात तसे सीटचे काम करून ओढ वाढेल का?
— एक शेतकरी, चिकोडी

उत्तर : वाढणार नाही, आणि तसे करूही नये. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशनच्या उष्णतेवरच इंधन पेटते. सीट अधिक कापली आणि व्हॉल्व्ह हेडच्या तोंडापासून ठरावीक मापापेक्षा खोल गेला, तर कॉम्प्रेशन कमी होऊन सकाळी ट्रॅक्टर सुरू होणे कठीण होते आणि धूर वाढतो. उलट हेडचे तोंड जास्त घासले आणि व्हॉल्व्ह तोंडाबाहेर राहिला, तर तो पिस्टनला लागतो. म्हणून आपल्या हेडमध्ये कोनापेक्षा ती खोली महत्त्वाची आहे. काम झाल्यावर डेप्थ गेजने प्रत्येक व्हॉल्व्हची खोली मोजून कागदावर लिहून मागावी आणि पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहावी. कोन पुस्तिकेत असेल तोच ठेवावा. काही डिझेल इंजिनांत इनलेटची सीट ३० अंशांची असते, आणि ती चूक समजून ४५ अंशांची करणारे लोक मी पाहिले आहेत. ती चूक नसते. दीर्घकाळ ओझे ओढणाऱ्या इंजिनात कमी उताराची सीट सावकाश झिजते आणि तितक्याच झिजेला व्हॉल्व्ह कमी आत जातो, म्हणून तो कोन निवडलेला असतो. गळीत हंगाम सुरू होण्याच्या आधी हे काम उरकून घ्यावे. हंगामात घाईने दिलेले हेड घाईनेच परत येते.

प्रश्न : माझे उद्यमबागेत छोटे वर्कशॉप आहे. आतापर्यंत ग्राइंडिंगच्या दगडांनी सीट करत आलो. आता कार्बाइडचे कटर घ्यावेत की एकाच पात्याने तिन्ही कोन कापणारे मशीन घ्यावे? आणि कटरने कापल्यावर पेस्टने व्हॉल्व्ह घासावा की नाही, याबद्दल कामगारांमध्ये कायम वाद होतो.
— एक वर्कशॉपमालक, बेळगाव

उत्तर : ज्या शहरात ओतकामाचे आणि लेथकामाचे इतके जाणते हात आहेत, तेथे हा प्रश्न विचारला जातो याचे मला समाधान वाटते.

दगडाने उत्तम सीट होते, पण दगड वारंवार हिऱ्याने ड्रेस, म्हणजे घासून पुन्हा नेमक्या कोनात, करावा लागतो. चौथ्या-पाचव्या सीटनंतर ड्रेस न करता चालवलेला दगड ४५ अंशांचा राहत नाही आणि कामगाराच्या ते लक्षातही येत नाही. कठीण रिंगांवर मात्र दगड अजूनही भरवशाचा आहे. हाताने फिरवायचे कार्बाइडचे कटर मोटारसायकलींच्या आणि लहान गाड्यांच्या कामाला स्वस्त, अचूक आणि पुरेसे आहेत. आपल्याकडे महिन्याला मोजकीच हेड येत असतील तर मी हेच सुचवीन. त्यांवर हाताचा जोर एकसारखा, थेट पायलटच्या रेषेत असावा. तिरका जोर दिला की सीटवर लाटा उठतात. एकाच पात्याचे मशीन वेगवान आहे आणि प्रत्येक सीटला अगदी तोच आकार देते, पण त्या पात्याचा आकार आपण निवडलेला असतो. एका इंजिनासाठी घेतलेले पाते दुसऱ्या व्यासाच्या घशात चालवले, तर ६० अंशांचा काप हवा त्यापेक्षा मोठा किंवा लहान होतो. रुंद पाते एकदम टेकवल्यास ते थरथरते. म्हणजे मशीन घेतले तरी निरनिराळ्या पात्यांचा संच घ्यावाच लागेल. तो खर्च आधीच हिशेबात धरावा.

घासण्याविषयी माझे मत असे आहे. कटरने कापलेली सीट समकेंद्री असेल, व्हॉल्व्ह नवा किंवा नीट ग्राइंड केलेला असेल, तर बारीक पेस्टने हलक्या हाताने काही क्षण फिरवणे एवढेच पुरे, आणि तेही मुख्यतः तपासणीसाठी. राखाडी पट्टी सगळीकडे सारख्या रुंदीची उमटली तर काम बरोबर आहे. ती एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद दिसली, तर आणखी पेस्ट लावून ती सारखी करण्याच्या मागे लागू नये. तो दोष गाईडचा किंवा पायलटचा आहे आणि पेस्टने तो फक्त झाकला जातो. जाड पेस्टने बराच वेळ घासल्यास सीटवर आणि व्हॉल्व्हच्या चेहऱ्यावर खोबण पडते. थंड असताना ती जुळते, पण तापल्यावर व्हॉल्व्ह थोडा वाढतो आणि खोबणीच्या कडेवर बसतो. काही जुने कारागीर सीट ४५ आणि व्हॉल्व्ह ४४ अंश ठेवून बारीक रेषेवर सील मिळवत. रोजच्या वापराच्या गाडीत ते पुढे आपोआप मिटून जाते आणि त्यात काही गैर नाही. पण तसे केले असेल तर पेस्टने घासू नये, नाहीतर मुद्दाम ठेवलेला फरकच निघून जातो.

आपल्या वर्कशॉपमध्ये या महिन्यापासूनच दोन गोष्टी सुरू कराव्यात, असा माझा आग्रह आहे. पहिली म्हणजे डायल गेजचे लहान साधन गाईडमध्ये बसवून प्रत्येक सीटचा रनआउट, म्हणजे ती गाईडच्या अक्षापासून किती बाजूला गेली आहे ते, मोजणे, ०.०५ मिमीपेक्षा अधिक भरल्यास हेड ग्राहकाला देऊ नये, आणि शर्यतीच्या हेडसाठी ही मर्यादा निम्मी धरावी. दुसरी म्हणजे प्रत्येक हेडबरोबर एक कागद देणे. त्यावर गाईडमधील खेळ, सीटची रुंदी, रनआउट आणि स्प्रिंगची बसलेली उंची हे आकडे लिहावेत आणि खाली ज्याने काम केले त्या कामगाराची सही असावी. ते हेड दोन वर्षांनी परत आले, तर त्या कागदावरून काय झिजले आणि किती झिजले हे आपल्याला मोजून सांगता येईल.